ध्रुवप्रदेशातील उपग्रह-स्थाननिर्धारण केंद्रे व त्यांच्या निरीक्षणांची देवाणघेवाण

अंटार्क्टिका द्वीपकल्पाच्या पश्चिम बाजूस अँव्हर्स नावाच्या बेटावर पामर हे अमेरिकेचे संशोधन केंद्र आहे. तेथील खडकावर गेल्या शतकाच्या अखेरीस, उपग्रहांचे संदेश ग्रहण करून स्वतःचे स्थान नोंदविणारे एक यंत्र कायमचे बसविण्यात आले. पहिली काही वर्षे या यंत्राने सांगण्यासारखे काहीच सांगितले नाही. खडकाची उंची वर्षाकाठी एका मिलिमीटरच्या दशांशाइतकीच काय ती बदलत होती. पुढे २००२ सालच्या आरंभी द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूस, लार्सन-बी नावाच्या समुद्रावर तरंगणाऱ्या हिमथराचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरांचा भाग अवघ्या पाच आठवड्यांत मोडून विखुरला. हा थर पाण्यावरच तरंगत असल्यामुळे त्याच्या मोडण्याने जमिनीवरील भार हलका झाला नाही; परंतु त्याच्या अटकावाने थोपून राहिलेल्या हिमनद्या मोकळ्या होऊन वेगाने समुद्रात उतरू लागल्या, व त्यामुळे भूमीवरील बर्फ घटू लागले. पामर येथील खडक तेव्हापासून वर्षाला सुमारे ९ मिलिमीटर या वेगाने वर येऊ लागल्याचे निरीक्षणांवरून दिसून आले.

या घटनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, केंद्र अमेरिकेचे असले तरी त्याच्या नोंदींतील हा बदल ओळखून त्याचा अर्थ लावण्याचे काम ब्रिटनमधील संशोधकांनी केले. त्यासाठी लागणाऱ्या उपग्रहांच्या कक्षा जगभरातील शेकडो केंद्रांच्या निरीक्षणांवरून गणिताने काढलेल्या होत्या. आणि २००२ पूर्वीची ती निरस वाटणारी वर्षे कोणीतरी जपून ठेवली नसती, तर नंतरच्या वेगाचे महत्त्व कोणाच्याही ध्यानी आले नसते. ध्रुवप्रदेशातील एकाकी केंद्राचे निरीक्षण एकट्याने पूर्ण होत नाही. ते इतरांच्या निरीक्षणांशी जोडले जाते तेव्हाच त्यास शास्त्रीय मूल्य प्राप्त होते. निरीक्षणांची देवाणघेवाण हा या शास्त्रात केवळ सौजन्याचा भाग नसून मापनाचाच एक घटक आहे, असे म्हणावे लागते ते याचमुळे.

स्थाननिर्धारणाचे तत्त्व

जी. पी. एस. या सर्वपरिचित मालिकेतील उपग्रह पृथ्वीपृष्ठापासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून भ्रमण करतात. प्रत्येक उपग्रह आपल्या आण्विक घड्याळानुसार वेळेची खूण असलेले रेडिओसंदेश अखंड प्रक्षेपित करीत असतो. संदेश निघाल्याची वेळ व तो जमिनीवरील ग्राही यंत्रास मिळाल्याची वेळ यांतील अंतरास प्रकाशाच्या वेगाने गुणले असता उपग्रहाचे अंतर मिळते. चार उपग्रहांची अंतरे एकाच वेळी ज्ञात झाली म्हणजे स्थानाचे तीन निर्देशांक व ग्राहीच्या घड्याळाची चूक, अशा चार अज्ञात राशी काढता येतात. वाटसरूस किंवा नाविकास एवढे पुरेसे आहे. मिलिमीटरांचा हिशेब मांडणाऱ्या भूगणितज्ञास मात्र ते पुरत नाही. सेकंदाच्या अब्जांशात प्रकाश ३० सेंटिमीटर अंतर कापतो. त्यामुळे घड्याळातील लेशमात्र चूकही स्थानात मोठा घोटाळा करते. शिवाय संदेशास आयनांबरात व बाष्पयुक्त हवेत विलंब होतो. आयनांबराचा परिणाम दोन भिन्न कंप्रतांच्या संदेशांची तुलना करून बहुतांशी काढून टाकता येतो. हवेतील विलंबाचे मान स्थानाबरोबरच गणिताने ठरवावे लागते.

उपग्रहांच्या कक्षा व त्यांच्या घड्याळांच्या चुका यांचे सूक्ष्म ज्ञान कोणत्याही एका केंद्रास स्वतःच्या बळावर मिळू शकत नाही. ते जगभर पसरलेल्या केंद्रांच्या निरीक्षणांचा एकत्र विचार करूनच मिळते. याच हेतूने १९९४ च्या १ जानेवारीपासून एक आंतरराष्ट्रीय सेवा रीतसर सुरू झाली. आज ती आंतरराष्ट्रीय जी. एन. एस. एस. सेवा या नावाने ओळखली जाते. तिच्या जाळ्यात पाचशेहून अधिक केंद्रे असून त्यांची निरीक्षणे व त्यांवरून काढलेल्या कक्षा कोणासही विनामूल्य उपलब्ध असतात. पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी निगडित अशी जी जागतिक संदर्भचौकट भूगणितज्ञ वापरतात, तीही अशाच सामायिक निरीक्षणांवर उभी आहे. ‘खडक वर आला’ या विधानात ‘कशाच्या मानाने वर आला’ हा प्रश्न अनुस्यूत असतो, व त्याचे उत्तर ही चौकट देते.

ध्रुवप्रदेशात या मापनास आणखी एक अडचण येते. जी. पी. एस. उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांचा कोन करतात. परिणामी ध्रुवाजवळून पाहिले असता कोणताही उपग्रह क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांपेक्षा अधिक उंच चढत नाही आणि डोक्यावरचे आकाश रिकामे राहते. उंचीचे माप अशा परिस्थितीत स्वभावतःच दुबळे होते. रशियाच्या ग्लोनास मालिकेच्या कक्षांचा कल सुमारे ६५ अंश असल्यामुळे तिचे उपग्रह अधिक उंच दिसतात. एका राष्ट्राच्या उपग्रहांची उणीव दुसऱ्या राष्ट्राचे उपग्रह काही अंशी भरून काढतात, ही गोष्ट उद्बोधक आहे.

खडक का हलतो

बर्फाच्या भाराखाली पृथ्वीचे कवच दबलेले असते. भार कमी झाला म्हणजे ते दोन प्रकारे प्रतिसाद देते. पहिला प्रतिसाद स्थितिस्थापक असून तात्काळ मिळतो. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरील खडक बर्फाच्या व हवेच्या भारातील चढउताराबरोबर दरवर्षी वरखाली होतात, हे तेथील केंद्रांवरून स्पष्ट झाले आहे. दुसरा प्रतिसाद श्यान स्वरूपाचा व मंद असतो. कवचाखालील प्रावरण अतिशय घट्ट पाकाप्रमाणे हळूहळू वाहते, आणि सुमारे २०,००० वर्षांपूर्वी परमोच्च अवस्थेस पोहोचलेल्या हिमयुगाचा भार उतरल्याचा परिणाम आजही चालू आहे. म्हणून खडकाच्या एकूण गतीत आजच्या वितळण्याचा वाटा किती व प्राचीन हिमयुगाचा किती, याचा निवाडा करावा लागतो.

हा निवाडा केवळ भूगर्भशास्त्रज्ञांच्या जिज्ञासेचा विषय नाही. २००२ ते २०१७ या काळात ‘ग्रेस’ नावाच्या उपग्रहांच्या जोडीने, व २०१८ पासून तिच्या वारसदार जोडीने, पृथ्वीच्या गुरुत्वबलातील सूक्ष्म बदल मोजले आहेत. या बदलांवरून हिमस्तरांचे वस्तुमान किती घटले, हे काढण्यात येते. परंतु गुरुत्वबलास वरचे बर्फ व खालचे प्रावरण यांतील भेद कळत नाही. एका जागी बर्फ घटत असताना खालून प्रावरणाचे द्रव्य येऊन मिळत असेल, तर उपग्रहास घट प्रत्यक्षाहून कमी दिसते. खडकावरील केंद्र ही चूक उघडकीस आणते. पश्चिम अंटार्क्टिकातील आमुंडसेन समुद्राच्या परिसरात काही केंद्रांवर खडक वर्षाला ४१ मिलिमीटरपर्यंत वर येत असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दाखविण्यात आले. तेथील प्रावरण अपेक्षेपेक्षा पुष्कळच प्रवाही आहे, व त्या भागातील बर्फाची घट गुरुत्वमापनावरून सुमारे १० टक्क्यांपर्यंत कमी धरली गेली असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच संशोधनात एक आशेचा मुद्दाही पुढे आला. या भागातील बर्फ समुद्रसपाटीखालील तळावर टेकलेले असल्यामुळे, तळच वेगाने वर येत असेल तर बर्फाच्या माघारीस काहीसा आळा बसू शकेल.

अनिश्चितता किती मोठी आहे, हे पुढील आकड्यांवरून कळून येईल. अनेक संशोधक-गटांनी एकत्र येऊन २०१८ साली केलेल्या अंदाजानुसार १९९२ ते २०१७ या काळात अंटार्क्टिकातून सुमारे २,७२० अब्ज टन बर्फ नाहीसे झाले व समुद्राची पातळी त्यामुळे सुमारे ७.६ मिलिमीटर वाढली. परंतु या अंदाजातील संभाव्य चूक त्याच्या निम्म्याइतकी आहे. पूर्व अंटार्क्टिकापुरते बोलायचे तर वार्षिक बदल ५ अब्ज टन वाढ असा काढण्यात आला, आणि संभाव्य चूक मात्र अधिक-उणे ४६ अब्ज टन. म्हणजे त्या विशाल भूभागावर बर्फ वाढत आहे की घटत आहे, हेही निश्चित म्हणता येत नव्हते. या अनिश्चिततेचा मोठा वाटा खडकाच्या गतीविषयीच्या अपुऱ्या ज्ञानातून येतो. ग्रीनलंडचे सर्व बर्फ वितळल्यास जागतिक समुद्रपातळी सुमारे ७.४ मीटर व अंटार्क्टिकाचे वितळल्यास सुमारे ५८ मीटर वाढेल, हे ध्यानी घेतले म्हणजे मिलिमीटरांचा हा हिशेब किती दूरवर पोहोचतो ते उमगते. शिवाय हिमस्तर घटला की त्याचे समुद्रावरील गुरुत्वाकर्षणही घटते. त्यामुळे त्याच्या निकटच्या समुद्राची पातळी उतरते व दूरच्या, उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर ती सरासरीपेक्षा किंचित अधिक चढते. कोकणचा किनारा या दूरच्या किनाऱ्यांतच मोडतो.

केंद्रांची उभारणी

हिमस्तरावर यंत्र ठेवून हे काम होत नाही, कारण बर्फ स्वतःच वाहत असते. त्यासाठी बर्फातून डोके वर काढलेला मूळ खडक शोधावा लागतो, आणि अंटार्क्टिकात असा खडक फारच थोड्या ठिकाणी उघडा आहे. खडकात घट्ट रोवलेला धातूचा स्तंभ, त्यावर अँटेना, शेजारी उष्णतारोधक पेटीत ग्राही यंत्र व विद्युत्‌घट, अशी केंद्राची सामान्यतः रचना असते. उन्हाळ्यात सौरपट्ट्यांवर काम चालते. ध्रुवीय रात्र सुरू झाली की पवनचक्कीवर आणि साठवलेल्या विजेवर महिनोन्महिने निभावून न्यावे लागते. विषुववृत्तावर स्थिर दिसणारे दळणवळण-उपग्रह ध्रुवांजवळ क्षितिजाखाली जात असल्याने, ध्रुवांवरून फिरणाऱ्या इरिडियम उपग्रहांमार्फत निरीक्षणे पाठविली जातात. संपर्क तुटला किंवा वाऱ्याने अँटेना मोडला, तर दुरुस्तीसाठी हेलिकॉप्टर अथवा बर्फावर उतरणारे विमान धाडावे लागते, आणि तेही केवळ उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत.

आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष (२००७-०८) हे या कार्यास मोठी चालना देणारे ठरले. त्या निमित्ताने ‘पोलनेट’ हा अनेक राष्ट्रांचा सहकारी उपक्रम सुरू झाला. त्याच्या छत्राखाली ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर पन्नासांहून अधिक केंद्रांचे जाळे तयार झाले व अंटार्क्टिकाच्या अंतर्भागातही केंद्रे पोहोचली. ग्रीनलंडच्या जाळ्याची उभारणी ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने झाली. पुढे ते चालविण्याची जबाबदारी डेन्मार्कच्या शासकीय संस्थेने स्वीकारली. संशोधनासाठी मिळणारा निधी काही वर्षांपुरता असतो आणि खडकाची गती मात्र दशकानुदशके मोजावी लागते. ही विसंगती दूर करण्याचा एक मार्ग या हस्तांतरणात दिसतो.

देवाणघेवाणीत नेमके काय द्यावयाचे

निरीक्षणे खुली करणे म्हणजे केंद्राचे अंतिम स्थान प्रसिद्ध करणे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः तेवढ्याने काम भागत नाही. उपग्रहांच्या कक्षा, हवेतील विलंबाचे गणित व संदर्भचौकट यांत वेळोवेळी सुधारणा होत असतात, आणि प्रत्येक सुधारणेबरोबर जुनी निरीक्षणे नव्याने सोडवावी लागतात. त्यामुळे मूळ, असंस्कारित नोंदी जतन होणे व त्या मिळणे अगत्याचे ठरते. निरनिराळ्या कारखान्यांची यंत्रे आपापल्या सांकेतिक पद्धतीने नोंदी करीत. तेव्हा सर्वांना वाचता येईल असा ‘रायनेक्स’ नावाचा सामान्य नमुना १९८९ साली स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठात तयार करण्यात आला, आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही प्रचारात आहेत.

नोंदींइतकेच महत्त्व केंद्राच्या वृत्तान्तास आहे. अँटेना कोणत्या जातीचा आहे, खुणेपासून किती उंचीवर बसविला आहे, त्यावर आच्छादन आहे काय, तो केव्हा बदलला, या गोष्टी लिहून ठेवल्या नाहीत तर चांगले निरीक्षणही फसवे ठरते. अँटेना बदलला असता त्याचा विद्युत्‌केंद्रबिंदू सरकतो व खडक जागचा न हलताही स्थानात काही मिलिमीटरांची किंवा त्याहूनही मोठी उडी दिसते. ही उडी वितळण्याची खूण समजली गेली तर निष्कर्ष चुकतो. आणि खरी उडी यंत्राचा दोष समजून खोडली गेली तरीही चुकतो. एखाद्या वहीतील दिनांकाची एक ओळ हरवल्याने अनेक वर्षांच्या श्रमांचे मोल उणावते, ते असे.

अंटार्क्टिकाच्या बाबतीत या अडचणी विशेष जाणवल्या. अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीच्या आश्रयाखाली १९९५ पासून ठराविक काळी अनेक राष्ट्रांनी एकाच वेळी निरीक्षणे घेण्याचा प्रघात पडला, व त्यांचा संग्रह जर्मनीतील ड्रेस्डेन येथील तंत्रविद्यापीठात ठेवला गेला. अन्य केंद्रांच्या नोंदी अमेरिकेतील बोल्डर येथील संग्रहात व इतरत्र विखुरलेल्या होत्या. एकाच केंद्राचे वृत्तान्त दोन ठिकाणी परस्परविरोधी असावेत, असेही घडे. याच समितीच्या आश्रयाने अलीकडे १९९५ ते २०२१ पर्यंतच्या, अडीचशेहून अधिक स्थळांच्या नोंदी एकत्र करून, त्यांचे वृत्तान्त पडताळून, निरनिराळ्या संस्थांकडून त्या स्वतंत्रपणे व एकाच धोरणाने सोडवून घेण्यात आल्या. वेगवेगळ्या गटांची उत्तरे जुळतात की नाही, हे तपासण्याची संधी त्यामुळे मिळाली. मूळ नोंदी प्रत्येकाने स्वतःपाशीच ठेवल्या असत्या तर ही पडताळणी अशक्य होती.

खुल्या नोंदींचा आणखी एक लाभ असा की, ज्या प्रश्नासाठी त्या घेतल्या गेल्या त्याहून अगदी वेगळ्या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळतात. मार्च १९९८ मध्ये अंटार्क्टिकाच्या उत्तरेस, बॅलेनी बेटांनजीकच्या समुद्रतळाखाली मोठा भूकंप झाला होता. त्याचे पडसाद पूर्व अंटार्क्टिकाच्या खडकांत कित्येक वर्षे रेंगाळले, हे जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर २०१६ साली दाखविण्यात आले. त्याचप्रमाणे भूगणितज्ञ ज्यास अडथळा समजून वजा करतो तो आयनांबरातील विलंब, सूर्यावरील वादळांचा अभ्यास करणाऱ्यास मोलाची सामग्री वाटतो.

तत्त्वाचा इतिहास व आजची स्थिती

ऑस्ट्रियाच्या नौदलातील अधिकारी कार्ल वायप्रेख्त याने १८७५ साली असे प्रतिपादन केले की, ध्रुवाकडे जाण्याच्या चढाओढीतून शास्त्रास फारसे काही मिळत नाही. अनेक ठिकाणी एकाच वेळी, एकाच पद्धतीने घेतलेली निरीक्षणेच उपयोगी पडतात. त्याच्या निधनानंतर १८८२-८३ मध्ये पहिले आंतरराष्ट्रीय ध्रुववर्ष पार पडले. निरीक्षणे विपुल झाली व ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाली. परंतु त्यांचा एकत्रित अभ्यास व्हावा तसा झाला नाही. हा धडा ध्यानी घेऊन १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात आरंभापासूनच जागतिक सामग्रीकेंद्रांची योजना करण्यात आली. एक केंद्र अमेरिकेत, दुसरे सोव्हिएत संघात व तिसऱ्याच्या शाखा पश्चिम युरोप आणि जपान येथे स्थापन झाल्या. शीतयुद्धाच्या काळातही दोन्ही गोटांतील निरीक्षणे एकमेकांस मिळत राहिली.

या अनुभवातूनच १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. अंटार्क्टिकातील शास्त्रीय निरीक्षणे व त्यांचे निष्कर्ष यांची देवाणघेवाण व्हावी आणि ती सर्वांस मुक्तपणे उपलब्ध असावीत, असे त्याचे तिसरे कलम सांगते. ‘शक्य व व्यवहार्य असेल तितक्या प्रमाणात’ ही मर्यादाही त्याच कलमात आहे, व प्रत्यक्षात होणारा विलंब बहुधा याच शब्दांच्या आडोशाने होतो. उत्तर ध्रुवप्रदेशाची स्थिती निराळी आहे. तेथील भूमी सार्वभौम राष्ट्रांची असून असा सर्वव्यापी करार तेथे नाही. शास्त्रीय सहकार्य वाढविण्याचा एक करार २०१७ च्या मे महिन्यात आर्क्टिक परिषदेच्या आठ राष्ट्रांनी केला. परंतु युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये रशियाखेरीज अन्य सात राष्ट्रांनी परिषदेच्या कामातील आपला सहभाग स्थगित केला, आणि रशियाशी असलेले शास्त्रीय संबंध बहुतांशी खंडित झाले. आर्क्टिकच्या किनाऱ्याचा सुमारे अर्धा भाग रशियाचा आहे, हे लक्षात घेता या खंडाची व्याप्ती कळते.

मुक्त देवाणघेवाणीविरुद्ध सर्वच आक्षेप निराधार आहेत असे नाही. ज्यांनी गोठवणाऱ्या वाऱ्यात स्तंभ रोवले, त्यांच्याआधी दुसऱ्याच कोणी उबदार खोलीत बसून निबंध प्रसिद्ध करावा, यात अन्यायाची भावना उत्पन्न होणे स्वाभाविक आहे. यावर निरीक्षकांना ठराविक मुदतीचा प्रथमाधिकार देणे हा एक उपाय आहे. दुसरा व अधिक टिकाऊ उपाय म्हणजे निरीक्षणसंग्रहालाच स्वतंत्र प्रकाशनाचा दर्जा देऊन, त्यास कायमचा ओळखक्रमांक देणे व वापरणाऱ्याने त्याचा निर्देश करण्याचा दंडक पाळणे हा होय. या दुसऱ्या उपायाचा अलीकडे पुष्कळ प्रसार झाला आहे.

भारताचा या कार्याशी संबंध जुना आहे. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून पहिली भारतीय मोहीम अंटार्क्टिकास निघाली. ऑगस्ट १९८३ मध्ये भारत अंटार्क्टिक कराराचा सदस्य झाला. पहिले भारतीय ठाणे दक्षिण गंगोत्री हे तरंगत्या हिमथरावर होते. त्यानंतरचे मैत्री हे ठाणे शिर्माखर येथील उघड्या खडकावर उभारण्यात आले, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने तेथे १९९७ मध्ये कायमचे जी. पी. एस. केंद्र सुरू केले. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्थाही अंटार्क्टिकात भूचुंबकत्व व आयनांबर यांचे वेध घेते. गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात भारताच्या ध्रुवीय निरीक्षणांचा संग्रह ठेवला जातो.

याच भूचुंबकत्व संस्थेच्या पूर्वपरंपरेत या विषयाशी जुळणारे एक उदाहरण सापडते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील महावादळामुळे पृथ्वीचे चुंबकत्व विलक्षण ढवळले गेले. त्या वेळी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी ठरल्या क्रमाने सुईच्या नोंदी घेतल्या, त्या वहीत उतरविल्या व पुढे छापल्या. त्या नोंदींवरून वादळाची तीव्रता किती होती, हे भारतीय, अमेरिकी व ब्राझिली शास्त्रज्ञांनी २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनंतर, काढून दाखविले. कुलाब्याच्या निरीक्षकांना अशा उपयोगाची कल्पना असणे शक्य नव्हते. त्यांनी नोंद नीट केली, उपकरणाचा वृत्तान्त लिहिला आणि दोन्ही गोष्टी इतरांच्या हाती पडतील अशा ठेवल्या.

ध्रुवप्रदेशातील आजच्या केंद्रांवरही हीच जबाबदारी आहे. बिघडलेले यंत्र पुन्हा उभारता येते, निबंध पुन्हा लिहिता येतो, निधीही कालांतराने मिळू शकतो. परंतु लार्सन-बी मोडण्यापूर्वी पामर येथील खडक कसा होता, हे आता कोणासही नव्याने मोजता येणार नाही. ते एकदाच मोजले गेले आणि खुल्या संग्रहात राहिले, म्हणूनच ते आज ज्ञात आहे.